आयनू लोक कोण होते आणि जपान्यांशी त्यांचं भांडण कशावरून झालं?

होते नव्हे, आहेत! आयनू हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाचे मूळ रहिवासी, आणि ते तिथे आजही राहतात; तिथल्या साप्पोरो शहराचं नावसुद्धा त्यांच्याच भाषेतून आलंय.

भांडणाचं मोठं कारण म्हणजे व्यापार. १६०४ मध्ये जपानचा शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएयासूने आयनूंशी व्यापार करण्याचा मक्ता बेटाच्या दक्षिण टोकावरच्या मात्सुमाए या जपानी घराण्याला दिला. आयनू सुकवलेला सामन मासा, हरणाची कातडी, गरुडाची पिसं आणायचे. बदल्यात तांदूळ, साके (तांदळाची दारू), लोखंडी वस्तू न्यायचे. आधी १०० सुक्या माशांना २० शो तांदळाचं पोतं मिळे (एक शो म्हणजे साधारण १.८ लिटर). पुढे मासे तेवढेच, मोजणीत पोतंही एकच, पण आत तांदूळ जेमतेम ७-८ शो. दुसरीकडे विकायची सोयच नाही, कारण मक्ता एकाचाच. मला तर सगळ्या लढायांपेक्षा हे आक्रसलेलं पोतंच जास्त बोलकं वाटतं.

त्यात आयनूंच्या दोन गटांमध्ये शिकारीच्या हद्दीवरून जुना वाद होताच. अखेर १६६९ मध्ये शाकुशाइन या आयनू सरदाराने मात्सुमाएंविरुद्ध बंड पुकारलं. मात्सुमाएंनी त्याला तहाच्या बोलणीला बोलावलं आणि साकेच्या मेजवानीतच ठार केलं. त्यानंतर व्यापाराच्या अटी मात्सुमाएच ठरवू लागले.