आईची शुगर ‘बॉर्डरलाइन’ म्हणायची की डायबिटीस?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई ५६ वर्षांच्या, अंगाने सडपातळ, चहासुद्धा बिनसाखरेचा, त्रास काही नाही, आणि रिपोर्टमध्ये उपाशीपोटी ११८, जेवणानंतर २१२, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) ६.९, हिमोग्लोबिन ९.१. एक डॉक्टर बॉर्डरलाइन म्हणाले, दुसरे म्हणाले शुगर आहे. मी डॉक्टर नाही, पण १७ वर्षं हा आजार अंगावर बाळगून आहे आणि माझीही सुरुवात याच ‘बॉर्डरलाइन’ शब्दाने झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकडे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, यातलं काहीही आलं तर तो डायबिटीस. पण माणसाला लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, एक तर तीच टेस्ट परत करतात किंवा दुसरी टेस्टही रेषेच्या वर आहे का ते बघतात. आईंची उपाशीपोटीची ११८ म्हणजे प्रीडायबिटीस, म्हणजेच ‘बॉर्डरलाइन’ (१०० ते १२५), एचबीएवनसी मात्र रेषेच्या वर. आणि ती २१२ घरच्या जेवणानंतरची आहे ना, ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरची नाही, त्यामुळे लक्षणं नसताना ती निदानाला धरत नाहीत, पण दुर्लक्ष करण्यासारखी अजिबात नाही. म्हणजे दोन डॉक्टर दोन वेगवेगळ्या आकड्यांकडे बघून बोलले असावेत.

आता मला खरी अडचण दिसते ती कमी असलेल्या हिमोग्लोबिनची. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दिसतो. पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. उलट सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर तो खोटा कमी येतो (आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्यापैकी आहे, तिकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवा). ९.१ हिमोग्लोबिनवर ६.९ हा आकडा डोळे झाकून धरता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा की ७५ ग्रॅमची जीटीटी (वर सांगितलेली ग्लुकोज पाजून करायची टेस्ट) करूया का. त्याआधी तीन दिवस आईंना नेहमीसारखं जेवू द्या, पोळी भात सगळं. आपल्याकडे टेस्ट आहे म्हटलं की लोक आठवडाभर भात सोडतात आणि मग रिपोर्ट छान आला म्हणून खूश होतात, त्याने फसगत आपलीच होते. रात्रभर ८-१० तास उपाशी, पाणी चालतं, आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास एका जागी बसायचं, मधे चक्कर मारून यायची नाही. रक्त लॅबमध्ये शिरेतून द्यायचं, घरच्या मशीनवर निदान करायचं नाही. ते मशीन रोजचा अंदाज घ्यायला चांगलं आहे पण त्यात १५ टक्के इकडेतिकडे होतं.

‘त्रास काहीच नाही’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय, त्याबद्दल. मधुमेह या नावातच मध आहे, पूर्वीचे लोक लघवीला मुंग्या लागल्या की ओळखायचे. पण लघवीत साखर उतरायला रक्तातली साखर साधारण १८० च्या वर जावी लागते, तोवर किडनी ती परत ओढून घेते. साखर उतरली की तिच्याबरोबर पाणी जातं, मग सारखी लघवी, मग तहान, मग वजन उतरणं. आता आईंची साखर जेवणानंतर तासभर २०० च्या पुढे जाऊन खाली येत असेल तर हे काहीच होणार नाही, रात्री उठावंही लागणार नाही. आणि तेवढ्या साखरेने बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान मात्र वर्षानुवर्षं चालू राहू शकतं.

माझं असंच झालं. ऑफिसच्या तपासणीत पाच वर्षं फक्त उपाशीपोटीची शुगर व्हायची, ११२, ११५, ११९, आणि दरवर्षी ‘बॉर्डरलाइन, गोड कमी करा’ एवढंच सांगायचे. जेवणानंतरची कुणी केली नाही आणि मीही विचारलं नाही. मग चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी थेंब घालून पडदा बघितला आणि विचारलं, शुगर किती वर्षांपासून आहे? मी म्हटलं, मला शुगर नाही. पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची २६० आली. मला दिसायला अगदी स्वच्छ दिसत होतं हो, पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत नजर कमी होतच नाही. पुढे लेझर करावं लागलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की निदान पक्कं झालं तर त्याच आठवड्यात तीन गोष्टी करून घ्या, नंतर बघू म्हणू नका. पहिली, थेंब घालून पडद्याची तपासणी, आणि ती पुढे दरवर्षी (थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, सोबत कोणीतरी जा). दुसरी, लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, ते ३० च्या खाली हवं. रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून किडनी ठीक असं समजू नका, ते वाढतं तेव्हा किडनीचं बरंच काम गेलेलं असतं, लघवीतलं प्रोटीन त्याच्या कितीतरी आधी इशारा देतं आणि त्या वेळी सावरता येतं. तिसरी, पाय. डॉक्टर एक नायलॉनचा जाडसर धागा तळव्याला टोचून बघतात, कळतंय का ते. दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण मागितल्याशिवाय फारसं कोणी करत नाही. माझ्या काकांना बाभळीचा काटा लागलेला कळलाच नाही, शेतात अनवाणी चालायची सवय, चौथ्या दिवशी मोज्याला पू दिसला तेव्हा घरात समजलं, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. त्यांना दुखलं असतं तर त्याच दिवशी काटा काढला असता. आई घरात अनवाणी वावरत असतील तर आजपासून मऊ चप्पल द्या, आणि थंडीत पायाला गरम पाण्याची पिशवी नको. बीपी आणि कोलेस्टेरॉल तर बघाच, हृदयाचा धोका त्यांच्यामुळे आणखी वाढतो.

सडपातळ आहे मग शुगर कशी, असं तुम्ही विचारलंत. आपल्याकडे हे खूप आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय. आपली माणसं दिसायला बारीक, पण त्याच वजनाच्या युरोपियन माणसापेक्षा अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. वजनकाट्यापेक्षा टेप लावा, बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर धोका धरतात. आणि साखर खाल्ली नाही म्हणजे डायबिटीस होणार नाही असं नसतं, भात-पोळी-पोह्यांचीही पोटात साखरच होते, शिवाय रात्री लिव्हर स्वतः साखर सोडतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये छापलेल्या पाहणीत देशात १० कोटींवर डायबिटीसवाले निघाले, गोव्यात तर प्रमाण सगळ्यात जास्त, २६.४ टक्के. आईंनी काही चूक केली म्हणून झालं असं त्यांना वाटू देऊ नका, माझ्या आईने तेच मनाला लावून घेतलं होतं आणि दोन वर्षं औषधच घेतलं नाही.

‘गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही’ या भीतीने थांबू नका. इंग्लंडमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी एक टक्का कमी असलेल्यांत डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या दुखण्यांचा धोका ३७ टक्क्यांनी कमी दिसला. एवढा फायदा असताना गोळीला घाबरायचं कशाला. तरी निदान पक्कं होण्याआधी शेजारच्यांची गोळी किंवा कसला काढा चालू करू नका, नाहीतर जीटीटीचा आकडाच कळणार नाही.

हिमोग्लोबिन ९.१ का आहे तेही शोधा, फेरिटिन (अंगातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) करून घ्या. लोह भरून निघालं की तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा, तेव्हा तो आकडा विश्वासाचा असेल. जीटीटीचा रिपोर्ट आला की उपाशीपोटीचा आणि दोन तासांनंतरचा, दोन्ही आकडे इथेच टाका, मी बघतो.