थंडी, वारा, सायकल आणि दुखणारे कान

थंडी पडली की कानदुखीची विचारणा करणाऱ्यांत सायकलवाले वाढतात. बहुतेकांचा समज एकच असतो : वारा कानात शिरला, म्हणून कान बिघडला. या समजापायी काही जण उगाच घाबरतात. काही जण मात्र खरा आजार आठवडेच्या आठवडे वाऱ्याच्या नावावर खपवतात, आणि मला काळजी त्यांची वाटते. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं म्हणून एकदाच देते.

प्रश्न : पहाटे सायकल काढली की पंधरा मिनिटांत दोन्ही कान आतून ठणकतात. घरी आल्यावर अर्ध्या तासात थांबतात. कान खराब होतायत का?

नाही. कानाच्या नळीचा आतला भाग हाडात असतो. तिथली कातडी अगदी पातळ, खाली चरबीचा थर नाही आणि मज्जातंतू मात्र भरपूर. गार वारा त्यांना थेट झोंबतो. हवा 5 अंशांवर असताना ताशी 25 किलोमीटर वेगाने गेलात, तर उघड्या कातडीला ती जवळपास 0 अंशाची भासते. समोरून वारा असेल तर त्याहूनही गार. म्हणून उभं असताना न दुखणारा कान सायकलवर दुखतो. दोन्ही कान सारखे दुखतात, ऊब मिळताच थांबतात, ऐकू नीट येतं आणि कानातून काही वाहत नाही, असं असेल तर कान झाका, पुरे. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर कान तपासून घ्या.

प्रश्न : कापसाचे बोळे घालून सायकल चालवली तर?

नको. ते घामाने ओले होतात, तंतू आत राहतात आणि मागून येणारी गाडी नीट ऐकू येत नाही.

प्रश्न : हेल्मेटखाली काय घालावं? जाहिरातीत 'वैद्यकीय दर्जाची' वारारोधक बुचं दाखवतात, ती घ्यावीत का?

लोकरीची किंवा फ्लीसची, पातळ पण दाट विणीची, दोन्ही कान पूर्ण झाकणारी पट्टी घ्या. जाड कानटोपीवर हेल्मेट धड बसत नाही आणि पडल्यावर नेमकं सरकतं. पट्टी घालून हनुवटीखालचा पट्टा लावा आणि हेल्मेट हाताने मागे-पुढे ढकलून पाहा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर ठीक. हेल्मेट नुसतंच सरकलं तर आधी त्याचे पट्टे नीट करा, तरीही सरकलं तर पट्टी जाड आहे. घामेजलेली पट्टी न धुता दुसऱ्या दिवशी घालू नका.

बुचांचं म्हणाल तर 'वैद्यकीय दर्जा' या छापील शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. नळी बंद झाली तरी बाहेरचा कान उघडाच राहतो, मळ आत ढकलला जातो आणि रस्त्यावरचे आवाज दबतात. वेगात असताना वाऱ्याचा घोंघाट कानाशी 85 डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो हे खरं आहे, पण तोही पट्टीने कमी होतो. आधीच ऐकायला कमी येत असेल, तर कानात काहीही घालण्याआधी तपासणी करून घ्या.

प्रश्न : वाऱ्यात सायकल चालवली तेव्हापासून दहा दिवस एकच कान दुखतोय. घरात मागच्या वर्षीचे कानाचे थेंब होते, ते घातले. दोन दिवस बरं वाटलं, आता खाज येते आणि कान जड वाटतो. थेंब चालू ठेवू का? कोमट तेल घाला असंही कुणी सुचवलंय.

थेंब आजच बंद करा. तेलही नको.

वाऱ्याने आलेली कळ दहा दिवस टिकत नाही. दहा दिवस दुखतंय म्हणजे कारण दुसरं आहे, आणि ते कानात पाहिल्याशिवाय कळणार नाही. 'कानाचे थेंब' नावाचं कुठलंही एक औषध नसतं. कुणात प्रतिजैविक असतं, कुणात स्टेरॉइड, कुणात बुरशीवरचं औषध, कुणात फक्त मळ मऊ करणारं द्रव. बऱ्याच बाटल्या उघडल्यावर महिनाभरात टाकून द्यायच्या असतात, तुमची तर वर्षाची आहे. स्टेरॉइडने सूज उतरते, म्हणून दोन दिवस बरं वाटतं, आणि त्याच आडोशाला बुरशी वाढते. तुमची खाज आणि जडपणा वाचून मला तीच शंका येते. ती असेल तर आधी सूक्ष्मदर्शकाखाली कान साफ करावा लागतो, मग औषध.

याहून मोठा धोका पडद्याचा. पडदा शाबूत असेल तर थेंब मधल्या कानापर्यंत पोचतच नाहीत, म्हणजे सर्दीनंतर मधल्या कानात झालेल्या संसर्गावर ते फुकट जातात. पडद्याला छिद्र असेल तर जेंटामायसिन किंवा नियोमायसिनसारखं औषध त्यातून आत जाऊन ऐकण्याला आणि तोलाला कायमची इजा करू शकतं. छिद्र आहे की नाही हे तुम्हाला आरशात दिसत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही आणि काउंटरवरून बाटली देणाऱ्यालाही दिसत नाही. दुसऱ्याच्या कानासाठी लिहून दिलेलं औषध म्हणूनच तुमच्या कानात जाता कामा नये.

मधुमेह असेल आणि दुखण्याने रात्री झोप लागत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. कानाचा संसर्ग हाडात उतरू शकतो. आणि कान तपासून स्वच्छ निघाला तरी दुखणं राहिलं, तर 'काही नाही' म्हणून घरी बसू नका. दाढ, जबड्याचा सांधा, मान, घसा यांचं दुखणं कानात जाणवतं. थंडीत दात आवळून सायकल चालवणाऱ्यांचा जबडा तर हमखास दुखतो. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल आणि एकाच बाजूचं दुखणं दोन-तीन आठवडे हटत नसेल, तर घसा आणि जिभेचं मूळ दुर्बिणीतून पाहायलाच हवं. तिथली गाठ कधी कधी आधी कानातच दुखते. वारा लागला असेल असं म्हणत महिने काढलेले रुग्ण मी पाहते, आणि त्या गेलेल्या महिन्यांची मला चीड येते.

प्रश्न : गार वाऱ्याने तोंड वाकडं होतं म्हणतात. खरं का?

तसं सिद्ध झालेलं नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज येते आणि त्यामागे बहुधा शरीरात दबून असलेला विषाणू असतो, असं मानलं जातं. मात्र तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना, तर शेक-मालिशमध्ये दिवस घालवू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. सोबत बोलणं अडखळलं किंवा हात-पाय लुळा पडला, तर तडक रुग्णालयात. तो पक्षाघात असू शकतो.

प्रश्न : एका कानावर गार वारा आला की गरगरतं.

तपासणी होईपर्यंत सायकल नको. पडद्याला छिद्र असलं किंवा कानाची जुनी शस्त्रक्रिया असली की गारवा आतल्या कानापर्यंत सहज पोचतो आणि तोल जातो.

प्रश्न : मागच्या सीटवर तीन वर्षांची मुलगी असते. तिच्या कानांचं काय?

तुमच्याआधी तिचे झाका. पेडल मारून तुम्ही गरम होता, ती नुसती बसलेली असते. सर्दी-ताप असताना तिला नेऊ नका. कान धरून रडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत कानाची कड पांढरी, बधिर पडली. चोळू का?

चोळू नका. आडोशाला या, तळहाताने कान झाकून धरा किंवा कोमट ओला कपडा लावा. हीटरजवळ कान नेऊ नका, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतली नाही, तर रुग्णालय गाठा. फोड आला असेल तर तो फोडू नका, तसाच दाखवा.