४२ रोल निगेटिव्ह: घरी टिपायची की लॅबला द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३५ मिमीचे ४२ रोल पडून आहेत, काही रंगीत, काही कृष्णधवल. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० मिमीची लेन्स हाताशी आहे. घरीच कॅमेऱ्याने निगेटिव्ह टिपायला मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स, कॉपी स्टँड (कॅमेरा खाली तोंड करून धरणारा), लाइट पॅड, फिल्म होल्डर आणि रंग उलटवायचं सॉफ्टवेअर हप्त्यांवर घ्यावं, की रोल स्कॅन करायला लॅबला द्यावेत?

लेन्स आत्ता नको. हप्त्यांवर तर नकोच.

तुम्ही कळवलेल्या किमतींना लॅबच्या एका रोलच्या दराने भागून बघा. लेन्स १८ रोलांच्या बिलाएवढी पडते, स्टँड ४, होल्डर ४, लाइट ३, सॉफ्टवेअर ३. बेरीज ३२. म्हणजे ४२ रोलांवर १० रोलांचे पैसे सुटतात, आणि हप्त्यांचं व्याज त्यातूनच जाणार. आता वेळ धरा. धूळ उडवून ३६ फ्रेम टिपायला सरावानंतर पंधरा मिनिटं, मग रंग बसवायला फ्रेममागे एक मिनिट. रोलमागे साधारण ५० मिनिटं, सगळ्याचे ३५ तास. तासाला जेमतेम पाव रोलची बचत. लेन्स नंतर विकता येईल, हे खरं. पण ‘नंतर विकू’ म्हणून घेतलेल्या वस्तू बहुधा कपाटातच राहतात.

मुळात ४२ हा आकडाच आधी तपासा. टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा उघडा, त्यावर निगेटिव्हची पट्टी धरा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘रंग उलटे करा’ चालू करून फोनचा कॅमेरा तिच्यावर न्या. चित्र जागच्या जागी सुलटं दिसतं. दोन संध्याकाळींत सगळे रोल चाळून होतील. हललेले, तेच ते आणि ज्यांचे चांगले प्रिंट आहेत ते बाजूला काढा. उरले त्यांचाच हिशेब.

घरी करायचं ठरलं तर मॅक्रो लेन्सऐवजी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या. तुमच्या यादीच्या मापाने दोनेक रोलांचा खर्च. ३६ मिमी रुंदीची फ्रेम साधारण २३.५ मिमीच्या सेन्सरवर बसवायला प्रतिमा मूळ आकाराच्या ०.६५ पट हवी. १२ आणि २० मिमीच्या ट्यूब जोडल्या की ट्यूबची लांबी ३२ भागिले लेन्सचे ५०, म्हणजे ०.६४, उरलेलं फोकस रिंग भरून काढते. ट्यूब इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टवाल्याच हव्यात, नाहीतर बहुतेक आजच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर (एफ आकड्याने मोजलं जाणारं लेन्सचं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. आयएसओ १००, एफ ८, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल, दोन सेकंदांचा टायमर. कडा मऊ वाटल्या तर एफ ११. एफ १६ला गेलात तर या अंतरावर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) अख्खं चित्रच मऊ पडतं. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवून लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मधोमध आणा, की कॅमेरा फिल्मला समांतर झाला. हे चुकलं तर एक कोपरा कायम धूसर येतो आणि दोष बिचाऱ्या लेन्सला दिला जातो.

लाइटवर मात्र काटकसर नको. सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९५च्या वरचा घ्या. हलक्या प्रतीच्या एलईडीत त्वचेचे रंग बिघडतात आणि ते दुरुस्त करण्यात तास जातात. टॅबलेट चाळायला ठीक, टिपायला नाही: त्याचे पिक्सेल फिल्ममधून दिसतात. फिल्म काचेखाली दाबू नका, इंद्रधनुषी वलयं उमटतात. त्यासाठीच होल्डर.

सॉफ्टवेअरचे पैसे वाचवा. डार्कटेबल फुकट आहे आणि त्यात निगेटिव्हसाठी नेगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. रंगीत निगेटिव्हवरचा नारिंगी थर काढायला फिल्मच्या कोऱ्या कडेचं माप घ्यावं लागतं, म्हणून प्रत्येक रोलची थोडी कडही टिपा.

स्टँड, होल्डर, लाइट आणि ट्यूब असा संच १३ रोलांच्या खर्चात बसतो. चाळणीनंतर १५च्या आत रोल राहिले तर लॅबला द्या. २५च्या वर असतील तर घरी. मधल्या आकड्यावर तुमची हौस ठरवेल, आणि त्यात गैर काही नाही. वाटणीही करता येते. लॅबच्या अनेक स्कॅनरांत धूळ-ओरखडे ओळखणारा इन्फ्रारेड किरण असतो. तुमच्या कॅमेऱ्यात नाही. कृष्णधवल फिल्ममधली चांदी तो किरण अडवते, त्यामुळे तिथे लॅबलाही त्याचा उपयोग नाही. तेव्हा कृष्णधवल घरी आणि ओरखडलेले रंगीत लॅबला, अशी विभागणी पैशाचा पुरेपूर मोबदला देते.

लॅबचा दर विचारताना फाइल कोणती मिळेल तेही विचारा. नेहमीच्या दरात अनेकदा ६ मेगापिक्सेलच्या आसपासचं जेपीईजी मिळतं. तुमच्या कॅमेऱ्यातून २४ मेगापिक्सेल निघेल. तेव्हा तुलना लॅबच्या वरच्या दराशी करा. तो दर दीडपट असेल, तर वरची गणितं पुन्हा मांडा: १३ची बेरीज ९वर येते.

तुमच्या यादीत एक खर्च राहिलाय. १,५०० रॉ फाइली, प्रत्येकी ३० एमबी धरली तर ४५ जीबी. रंग बसवलेल्या तयार फाइली १६ बिटच्या टिफमध्ये ठेवल्या तर आणखी २०० जीबीच्या वर. डिस्क दोन लागतील, एक घराबाहेर ठेवायला. आणि एखाद्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो रोल चाळणीसाठी थांबवू नका. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. तो वेगळ्या डब्यात काढून आधी तोच टिपा.