"अस्सल हापूस" सगळेच लिहितात, मग आपण काय लिहायचं?

प्रश्न: देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत, दलालाला माल देण्यापेक्षा पुण्याला थेट पेट्या पाठवतो. व्हॉट्सॲपवर जाहिरात टाकली, "अस्सल देवगड हापूस, अवीट गोडी, एकदा खाल तर खातच राहाल, आजच ऑर्डर करा!" लोक भाव विचारतात आणि गप्प होतात. मजकुरात काय चुकतंय?
- एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: अहो, हीच ओळ कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात घालून विकणारा पण लिहितो ना! गिऱ्हाईक पुण्यात बसलंय, त्याला वास घेता येत नाही, फळ दाबून बघता येत नाही, आणि डोक्यात धाकधूक, की कार्बाइडवर पिकवलेला निघाला तर, वरचा थर मोठा आणि खाली बारीक फळं निघाली तर, आणि सगळ्यात जास्त भीती साक्याची, म्हणजे आतला गर खराब, स्पंजासारखा निघण्याची, कारण बाहेरून फळ झकास दिसतं, साका कापल्यावरच कळतो. तुमच्या मजकुरात यातल्या एकाचंही उत्तर नाहीये.

साक्याबद्दल स्वतःहून लिहा. बरेच जण म्हणतात आपली खोट आपणच कशाला सांगायची, पण जो बागायतदार आधीच सांगतो की साका निघाला तर पैसे परत, त्याच्याकडून मी तरी डोळे झाकून पेटी घेईन. फक्त शब्द पाळता येणार असेल तरच लिहा हां.

मी असं लिहीन (आकडे तुमचे घाला):

"देवगडच्या आमच्या बागेतला हापूस. गवताच्या आढीत पिकत घातलेला, कार्बाइड नाही. 5 डझनाची पेटी, फळ 200 ते 250 ग्रॅमचं, वर-खाली एकच साईज. फळ अर्धं कच्चं येईल, 3-4 दिवसांत पिकेल, तोवर फ्रिजमध्ये ठेवू नका. साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्याचे पैसे परत. पुण्यात घरपोच, गाडी शुक्रवारी निघते, ऑर्डर बुधवारपर्यंत."

याच्याखाली भाव लिहाच, वाहतूक धरून, "भावासाठी मेसेज करा" नको, त्यातच निम्मे लोक गळतात. हापूसला 2018 मध्ये जीआय (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, अशी सरकारी नोंद) मिळालंय, तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तो नंबर टाका, नसाल तर जीआयचं नावच घेऊ नका. फोटो नेटवरचा अजिबात नको, तुमच्या आढीचा काढा, मोबाईलवरचा चालेल. आणि "आजच ऑर्डर करा" काढून टाका, गाडीचा वार वाचला की माणूस बुधवारच्या आत काय ते कळवतो.