गुरुवारचा इन्व्हाइट पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय नव्या प्रॉडक्ट मॅनेजरबाई,

तुझा मेल वाचला, जोडलेली फाइल पण उघडून बघितली. गोदामातल्या नव्या स्कॅनरचा तुझा प्लॅन वाईट नाहीये, पण ती गुरुवारची मीटिंग जरा थांबव. छत्तीस जणांना एका कॉलवर बोलवायचं, तयार झालेलं डिझाइन दाखवायचं आणि शेवटी 'काही सूचना असतील तर सांगा' म्हणायचं, याला तू स्टेकहोल्डर इन्व्हॉल्व्हमेंट, म्हणजे कामाशी संबंध असलेल्यांना सामील करून घेणं, असं नाव दिलंयस. होणार काय ते आत्ताच सांगतो. दोन सिनियर बोलतील, एक जण बटणाच्या रंगावर पंधरा मिनिटं खाईल, बाकीचे कॅमेरा बंद करून आपापले मेल उरकतील आणि शेवटी सगळे मम म्हणतील. मग लाँचच्या तोंडावर हेच लोक म्हणणार की आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नसतील.

लोकांना घ्यायचं ते निर्णय व्हायच्या आधी. ऐकायला सोपं वाटतं पण करताना सगळे इथेच घसरतात, कारण अर्धवट काम दाखवायची आपल्याला लाज वाटते, आणि नीट करून दाखवू म्हणेपर्यंत बदलायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून तू आधी एक कागद घे आणि मधे रेघ मार. एका बाजूला जे ठरून गेलंय ते लिही, म्हणजे बजेट, लाँचची तारीख, कायद्याने पाळावंच लागतं ते. दुसऱ्या बाजूला जे अजून खरंच बदलू शकतं तेवढंच. हा कागद कुणालाही भेटलीस की पहिल्यांदा समोर ठेव. 'बॅटरी कुठली हे ठरलंय, त्यावर बोलून उपयोग नाही, पण ती बदलायची कशी हे ठरलेलं नाही, ते तुमच्याकडून हवंय' असं सरळ सांगितलं की लोक नाराज होत नाहीत, उलट मुद्द्यावर येतात. आणि दुसरी बाजू रिकामीच निघाली तर मीटिंग बोलवूच नकोस, साधा मेल टाक की असं असं ठरलंय. सल्ला मागितल्याचं नाटक लोकांना लगेच कळतं आणि पुढच्या वेळी खरंच विचारायला गेलीस तरी कुणी तोंड उघडत नाही.

आता तुझा तो चार चौकोनांचा तक्ता. कुणाची पॉवर किती आणि कुणाला इंटरेस्ट किती यावरून माणसं चौकोनात टाकायची, मेंडेलो नावाच्या अभ्यासकाच्या नावाने चालतो तो. सुरुवातीला डोकं जाग्यावर आणायला बरा आहे, पण तू काय केलंयस बघ, माल उचलणारे लोक 'फक्त कळवा' वाल्या चौकोनात टाकलेस. अगं, हा स्कॅनर रोज आठ तास ज्यांच्या हातात असणार त्यांना फक्त कळवायचं? मॅनेजमेंटचा अभ्यासक एडवर्ड फ्रीमनने 1984 मध्ये स्टेकहोल्डरची जी व्याख्या रूढ केली तिच्यात दोन्ही माणसं आहेत, कामावर परिणाम करू शकतो तो पण आणि कामाचा परिणाम ज्याच्यावर होतो तो पण. तक्ता भरताना आपली नजर पहिल्यावरच जाते, कारण तो आपला अप्रेझल करतो.

दुसरी जमात म्हणजे शेवटी येऊन गाडी अडवू शकणारे. आयटी सिक्युरिटी, लीगल, परचेस, सर्टिफिकेशन बघणारे. यांना डेमो-बिमो नको असतो. आत्ता प्रत्येकाला अर्धा तास भेट आणि एकच प्रश्न विचार, 'हे तुमच्याकडे कशामुळे अडकेल?' उत्तर लिहून घे आणि त्यांनाच परत पाठव. तुझे निम्मे वांधे इथेच मिटतील. आणि रिपेअरवाल्याला विसरू नकोस, त्याला विचार की जुन्या मशीनमधलं सगळ्यात जास्त काय तुटून येतं, कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त माल मिळेल.

अजून एक प्रकारचा माणूस मुद्दाम शोध. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एरिक व्हॉन हिप्पेलने 1986 मध्ये त्याला लीड युजर म्हटलं. म्हणजे ज्याला ती अडचण बाकीच्यांच्या आधीच भेडसावते आणि ती सुटली तर ज्याचा मोठा फायदा आहे असा. असे लोक वाट बघत बसत नाहीत, स्वतःच काहीतरी जुगाड करून मोकळे होतात. गोदामात गेलीस की स्कॅनरला कुणी दोरी बांधलीय, कुणी चिकटपट्टी लावलीय, स्क्रीनच्या कोपऱ्यात कुणी स्केच पेनने खूण केलीय हे बघ. ती चिकटपट्टी म्हणजे तुझ्या डिझाइन टीमने न काढलेलं ड्रॉइंग आहे. फोटो काढ (विचारून काढ, लोकांना वाटतं तक्रार करायला आलीय) आणि हे का केलं ते विचार.

आणि विचारताना हातात काहीतरी दे. तोंडी विचारलंस की लोक तोंडीच उत्तर देतात, 'फास्ट पाहिजे, सोपं पाहिजे', आणि त्यातून काडीचं काही बनत नाही. 1981 साली स्कँडिनेव्हियात युटोपिया नावाचा एक प्रोजेक्ट सुरू झाला, छपाई कामगारांच्या युनियन आणि संशोधक मिळून वर्तमानपत्राची पानं कॉम्प्युटरवर कशी लावायची याची साधनं बनवत होते. पाहिजे ती मशीन्स तेव्हा हाताशी नव्हतीच, मग त्यांनी पुठ्ठा आणि प्लायवूडची खोटी वर्कस्टेशन बनवली, एका रिकाम्या खोक्यावर तर नुसतं लेझर प्रिंटर असं लिहून ठेवलं. कामगार त्यासमोर उभे राहून रोजचं काम करून दाखवायचे आणि कुठे अडतंय ते लगेच कळायचं. पुठ्ठ्याचा मोठा फायदा हा की तो फाडायला कुणाला भीड वाटत नाही. चकचकीत प्रोटोटाइप समोर ठेवलास तर लोक म्हणतात छान आहे.

तू पण तेच कर. पुठ्ठ्याचा स्कॅनर कर, आत थोडं वजन भर म्हणजे खऱ्याएवढा जड लागेल, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये हातमोजे घालून काम करणाऱ्याला दे. बोलू नकोस, नुसतं बघ. अंगठा बटणापर्यंत पोचतो का, दुसऱ्या हातात खोकं असताना स्कॅनर तो ठेवतो कुठे, खिशात, काखेत का ट्रॉलीवर, आतून बाहेर आल्यावर काचेवर वाफ धरली की काय करतो. यातलं एकही तुझ्या रिक्वायरमेंटच्या शीटमध्ये नाहीये, मी शोधलं.

मोठ्या पातळीवर हे कसं होतं ते बघायचं तर बोइंग 777 बघ. 1990 मध्ये त्यांनी आठ मोठ्या एअरलाइन्सना डिझाइन होत असतानाच आत घेतलं. केबिन किती रुंद, टॉयलेट आणि किचनच्या जागा बदलता याव्यात का, कॉकपिट कसं, यावर त्या लोकांचं म्हणणं ऐकलं. जून 1994 मध्ये विमान उडालं आणि पुढच्या जूनमध्ये सर्व्हिसला लागलं. त्याच वर्षांत अमेरिकेत डेन्व्हरचा नवा विमानतळ होत होता, तिथे सगळ्या विमानतळासाठी ऑटोमॅटिक बॅगेज सिस्टीम करायचं ठरलं पण ती वापरणाऱ्या एअरलाइन्सना मुख्य चर्चेत उशिरा घेतलं, त्यांनी आल्यावर बदल मागितले, ते बदल अर्ध्या झालेल्या कामात बसवायला गेले. ऑक्टोबर 1993 ला उघडायचा विमानतळ फेब्रुवारी 1995 ला उघडला. उशिराची कारणं आणखीही होती, नाही असं नाही, पण वरातीमागून घोडं आणलं की त्याचा खर्च असा येतो.

पण 777 ची गोष्ट अर्धीच सांगू नये. पंख लांब असल्यामुळे विमानतळाच्या गेटवर जागा कमी पडेल म्हणून पंखाची टोकं दुमडायचा पर्याय पण ठेवला होता. तो एकाही एअरलाइनने विकत घेतला नाही. म्हणजे चर्चेत ज्याला सगळे मान डोलावतात ते पैसे मोजायच्या वेळी नको असू शकतं. म्हणून कुणी काही मागितलं की विचार, 'यासाठी काय सोडायला तयार आहात?' तारीख दोन महिने पुढे गेलेली चालेल? वजन वाढलेलं चालेल? लोक गप्प बसले तर ती नुसती इच्छा आहे, वहीत लिही आणि पुढे चल.

भांडणं होणारच, त्याला घाबरू नकोस. सेल्सला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळं फीचर हवं असतं, सपोर्टला एकही नवीन नको असतं, आणि तू दोघांच्या मधे निरोप्याचं काम करत बसशील. नको करूस. त्या दोघांनाच एका खोलीत बसव, जास्त माणसं नकोत, आणि बोलायला सुरुवात व्हायच्या आधी सांग की एकमत झालं नाही तर निर्णय कोण घेणार, तू, तुझा बॉस, का आणखी कोणी. हे आधी सांगितलं नाही की बारभाईंचा कारभार होतो, आणि सगळ्यांना खूश ठेवायला गेलीस की एक ना धड भाराभर चिंध्या. सगळ्यांचं ऐकणं हे तुझं काम आहे, सगळ्यांचं मान्य करणं नाही. मला विचारशील तर प्रॉडक्ट मॅनेजरला मिटवामिटवी करायची फार हौस असते, आणि त्यात भांडणाचं मूळ कारण कधी बाहेरच येत नाही, वर्षभर भिजत घोंगडं.

आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना परत जाऊन सांग त्यांच्या म्हणण्याचं काय झालं. मोठा रिपोर्ट नको, चार ओळी पुरे: हे घेतलं, हे नाही घेतलं, या कारणाने. 'नाही' वाली ओळ लिहायला जड जाते म्हणून लोक सगळा मेलच टाळतात. शिफ्टमधल्या माणसांना मेल पोचतच नाही, त्यांच्यासाठी पंचिंगच्या मशीनजवळ कागद लाव. आणि हो, त्यांचा वेळ शिफ्टच्या आत आणि पगारी हवा, सुट्टी झाल्यावर थांबवून घेऊ नकोस. सुपरवायझर कुरकुर करेल, त्याच्या टार्गेटमधून तेवढे तास कमी करून घ्यायचं काम तुझं.

तर गुरुवारचं कॅन्सल कर, त्याऐवजी रात्रपाळीला गोदामात जा. शिफ्ट बदलायच्या वेळी कुणाला प्रश्न विचारू नकोस, तेव्हा सगळे घाईत असतात, नुसती कोपऱ्यात उभी राहा आणि स्कॅनर एका हातातून दुसऱ्या हातात कसा जातो, चार्जिंगला कोण लावतं, कुठला स्कॅनर सगळे टाळतात ते बघ. बोलायचं ते तासाभराने, काम लागल्यावर. रेघ मारलेला कागद झाला की मला पाठव. त्या छत्तीस नावांपैकी कुणाला आधी भेटायचं ते मग ठरवू, आणि परचेसवाल्यांशी बोलताना मी हवा असेन तर मला पण कॉलवर घे.

तुझा,
जुना सहकारी