घुमट आरतीचं रेकॉर्डिंग साफ करताना: सुरुवातीला एवढंच

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट आरत्यांचं, म्हणजे गोव्यात घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटल्या जाणाऱ्या आरत्यांचं रेकॉर्डिंग हाती आहे म्हणजे अर्धं काम झालंच. ते साफ करायला सॉक्स आणि एफएफएमपेग ही कमांड देऊन चालवायची सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट. सुरुवातीला सॉक्स पुरे.

आधी मूळ वेव्ह फाइलची प्रत बाजूला ठेवा. सॉक्सला आउटपुट म्हणून त्याच फाइलचं नाव दिलंत तर मूळ गेलं म्हणून समजा. मधल्या टप्प्यांत एमपी३ नको, ती सगळ्यात शेवटी.

मग सॉक्सची 'स्टॅट' ही आकडेवारी दाखवणारी कमांड चालवून आवाजाची सर्वोच्च पातळी बघा. ती १ ला, म्हणजे कमाल मर्यादेला टेकली असेल तर घुमटाच्या थापा बहुधा कापल्या गेल्यात, आणि त्या पूर्ववत होत नाहीत. पुढच्या वेळी रेकॉर्डरवर शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शामेळ (तालवाद्य), कासाळें (झांजा) एकदम सुरू झाली की आवाज किती उसळतो, तुम्हाला ठाऊक आहेच.

पंख्याची घरघर काढायला आरतीआधीचे दोन शांत सेकंद घरघरीचा नमुना घेणाऱ्या 'नॉइजप्रोफ'ला द्या, मग ती कमी करणारं 'नॉइजरेड' ०.२ वर. नवखे हमखास ०.५ च्या वर जातात आणि कासाळ्यांची किणकिण पाण्यात बुडाल्यासारखी होते. थोडी घरघर राहू द्या.

शेवटी 'नॉर्म -१', म्हणजे आवाजाचं शिखर उणे १ डेसिबलवर येतं. कॉम्प्रेसर, इक्वलायझर सध्या नकोच. तुमचा पहिला तुकडा ऐकायला नक्की पाठवा!