चिलीतला ‘परकीय हात’ : सिद्ध किती, ऐकीव किती?

प्रश्न : आणीबाणीच्या काळात ‘परकीय हात’ हे शब्द आम्ही इतक्यांदा ऐकले की पुढे त्यांवरचा विश्वासच उडाला. चिलीत साल्वादोर आयेंदे यांचे सरकार लष्कराने उलथवले त्यामागे अमेरिका होती, असे सर्रास लिहिले जाते. यातले कागदोपत्री सिद्ध झालेले किती? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आपलीही गत आयेंदे यांच्यासारखी होईल, ही भीती इंदिरा गांधी त्या काळात बोलून दाखवत असत, त्यामुळे चिलीचे नाव आपल्याकडे पुष्कळ घेतले गेले, परंतु तिथे नेमके काय घडले याची चर्चा क्वचितच झाली. अमेरिकी सिनेटच्या समितीने १९७५ मध्ये केलेली चौकशी आणि १९९९ पासून खुली झालेली हजारो सरकारी कागदपत्रे यांमुळे आज बरेच काही खात्रीने सांगता येते.

समाजवादी नेते आयेंदे ४ सप्टेंबर १९७० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सर्वाधिक मते मिळवून पहिले आले, पण निम्म्याहून अधिक मते कोणालाच नसल्याने अंतिम निवड संसदेकडे गेली. १५ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी सीआयए या आपल्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना बोलावून घेतले. त्या बैठकीत हेल्म्स यांनी हाताने केलेले टिपण उपलब्ध आहे. तुटक ओळी आहेत : दहात एक शक्यता, पण चिली वाचवा, वकिलातीला यात गुंतवायचे नाही, १ कोटी डॉलर उपलब्ध, लागल्यास आणखी, अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा. ज्या देशाने अमेरिकेवर एक गोळीही झाडलेली नव्हती, त्या देशाच्या मतदारांचा कौल फिरवण्याचा हा हुकूम होता.

लष्कराने राज्यघटनेबाहेर पाऊल टाकू नये, अशी ठाम भूमिका घेणारे सरसेनापती रेने श्नायडर हे त्या वाटेतली मोठी अडचण होते. २२ ऑक्टोबरला त्यांना पळवून नेण्याच्या प्रयत्नात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी पहाटे सीआयएने कटातल्या दुसऱ्या एका गटाला मशीनगनी पोचवल्या होत्या. हल्ला करणाऱ्या गटाशीही सीआयएचा आधी संपर्क होता, आणि त्या गटातल्या एकाला पुढे ३५ हजार डॉलर दिल्याचे या संस्थेने २००० साली स्वतः मान्य केले. पैसे देण्याच्या कारणांमध्ये ‘मानवतावादी’ हेही एक कारण नोंदवलेले आहे. एका प्रामाणिक सेनापतीच्या खुनानंतरचा हा शब्द वाचताना आजही संताप येतो.

कट फसला आणि आयेंदे अध्यक्ष झाले. त्यानंतर कर्जाच्या वाटा आटवल्या गेल्या, विरोधी पक्षांना गुप्तपणे पैसा पुरवला गेला आणि ‘एल मर्क्युरिओ’ या बड्या वृत्तपत्राला १६ लाखांहून अधिक डॉलर मंजूर झाले. मात्र ११ सप्टेंबर १९७३ च्या प्रत्यक्ष उठावात अमेरिकेचा थेट सहभाग असल्याचा पुरावा सिनेट समितीला सापडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. भडकलेली महागाई, मालमोटारमालकांचा दीर्घ संप, समाजात पडलेली उभी फूट ही कारणे चिलीतलीच होती, आणि अध्यक्षीय प्रासादावर बॉम्ब टाकणारे वैमानिकही चिलीचेच होते. त्यामुळे उठावानंतर सत्ता हाती घेणारे लष्करप्रमुख पिनोशे आणि त्यांच्या अधिकाऱ्यांचा दोष तसूभरही कमी होत नाही.

माझ्या मते, परकीय सत्तेचा खरा भार उठावाच्या दिवसापेक्षा त्याच्या आधीच्या तीन वर्षांत आणि नंतरच्या दडपशाहीच्या काळात अधिक जाणवतो. पुढच्या १७ वर्षांत ३ हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि सुमारे ३८ हजार जणांना कोठडी व छळ सोसावा लागला, असे चिलीच्याच अधिकृत आयोगांनी नोंदवले आहे. हा छळ चालवणाऱ्या ‘दिना’ या गुप्त पोलीस दलाचे प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास यांना सीआयएने १९७५ मध्ये एकदा पैसे दिले होते. जून १९७६ मध्ये अमेरिकी परराष्ट्रमंत्री किसिंजर चिलीची राजधानी सान्तियागोत मानवी हक्कांवर भाषण करायला गेले, तेव्हा आधी पिनोशे यांना भेटून त्यांनी सांगितले की, तुम्ही इथे जे करू पाहता आहात त्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे आणि माझे भाषण चिलीवर रोखलेले नाही. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी राजवटी ‘ऑपरेशन कोन्दोर’ या नावाने एकमेकींच्या विरोधकांना सीमेपलीकडे जाऊन मारत होत्या, याची वॉशिंग्टनला कल्पना होती. त्या राजवटींना द्यायचा इशारा पुढे नेऊ नये, अशी सूचना किसिंजर यांनी १६ सप्टेंबरला दिली. पाचच दिवसांनी आयेंदे यांचे माजी मंत्री ओर्लान्दो लेतेलिएर यांची मोटार खुद्द वॉशिंग्टनमध्ये बॉम्बने उडवली गेली. त्यांच्याबरोबर त्यांची तरुण अमेरिकी सहकारीही मरण पावली.

प्रश्न : अशा वेळी परदेशातल्या सामान्य माणसांनी कधी विरोध केला का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : केला, आणि त्यातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. प्रासादावर हल्ला करणारी हॉकर हंटर विमाने ब्रिटिश बनावटीची होती आणि त्यांची इंजिने दुरुस्तीसाठी स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइडच्या रोल्स रॉइस कारखान्यात येत असत. १९७४ मध्ये तिथले तपासनीस बॉब फुल्टन यांच्यापुढे एक इंजिन आले. ते चिलीच्या हवाई दलाचे आहे हे लक्षात येताच त्यांनी कामाला हात लावण्यास नकार दिला, आणि नोकरी जाण्याचा धोका असूनही त्यांची कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. इंजिने आवारात उघड्यावर, पावसात चार वर्षे पडून राहिली. १९७८ मध्ये एका रात्री ती गुपचूप हलवण्यात आली. २०१५ मध्ये चिलीच्या सरकारने फुल्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना आपला राष्ट्रीय सन्मान दिला.